आधी छत्रीची, मग दिव्याची

आपा, तुमचा चाळिसावा होऊन चार दिवस झाले. त्या दिवशी तुमच्या सुनेनं, रेश्मानं, मला पोटभर वाढलं आणि निघताना तुमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा हातात ठेवला. म्हणाली, "अम्मी बोलून ठेवल्यात, नंदा भांडाया येईल तवा हे द्या." मी भांडायला आले नव्हते. निदान त्या दिवशी तरी नाही. पण आमचं सगळं आधीच ठरवून ठेवायची तुमची जुनी खोड, तसं हेही ठरवून ठेवलं असणार. डबा घरी आणला, उघडला, आणि मग मात्र भांडण सुरू झालं. आता उत्तर द्यायला तुम्ही नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

परंड्यात तुम्हाला कोण ओळखत नव्हतं? किल्ल्याच्या खंदकाकडच्या बोळातल्या बांगडीवाल्या खैरुनआपा. अर्ध्या तालुक्याचे हात तुमच्या हातांतून गेले. ते सगळं लोक सांगतील. मला सांगायचं आहे ते त्या मारामारीच्या पिक्चरबद्दल. तुमच्या माघारी तुमची आठवण मारामारीच्या पिक्चरवरून काढतेय म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. आपली ओळखच त्या पिक्चरनं घट्ट झाली.

पिक्चरचं खरं नाव आपल्याला कधीच कळलं नाही. तुमच्या मुलानं, शकीलनं, सौदीहून येताना सीडीचा प्लेअर आणला, त्याबरोबर या दोन सीड्या. वर अक्षरं होती ती चिनी का जपानी, आपल्याला सगळी सारखीच. एका सीडीवर हिरव्या छत्रीचं चित्र, दुसरीवर दिव्याचं. गोष्ट साधी. कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याची मुलगी. सात जणांनी तिचं अख्खं घर मारलेलं. ती मोठी होऊन एकेकाला गाठते आणि मारते. पण मारते कशी! रंगाऱ्याच्या आवारात दोऱ्यांवर ओलं पांढरं कापड लांबच लांब वाळत घातलेलं, वाऱ्यानं हलतंय, आणि त्या कापडाच्या मागून आधी नुसतं छत्रीचं टोक दिसायचं. मग एक झटका, आणि पांढऱ्यावर लाल चिळकांडी. छत्रीच्या काड्या लोखंडी होत्या. काम झालं की बाई छत्री मिटायची, दोनदा झटकायची आणि मागं न बघता चालायला लागायची. छत्रीच्या सगळ्या सीडीभर तिच्या तोंडून एक शब्द नाही.

ते दोनदा झटकणं आपल्या बायकांच्या असं अंगात भरलं की विचारू नका. त्या वर्षी परंड्याच्या बाजारात एकही बाई छत्री सरळ मिटत नव्हती. नळावर भांडण लागलं की समोरचीला विचारायचं, "आणू का छत्री?" निम्मी भांडणं तिथंच हसण्यावारी जायची.

बाजारच्या दिवशी दुपारी दोनला तुमच्या घराचं दार लागायचं आणि साडेचारला उघडायचं, कारण ईट गावाकडं जाणारी पाचची गाडी खेड्यांतल्या बायांना गाठायची असायची. आत फक्त बायका. कोंडामावशी भाजीची पाटी उंबऱ्याशी ठेवून सगळ्यांत पुढं बसायची आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की बाहेर एखादा पोलीस असता तर त्यानंही उलट शिट्टी मारली असती. गुरवीणकाकू मटणाच्या दुकानावरून जाताना नाकाला पदर लावणाऱ्या. इथं मात्र डोळ्यांवर पदर घेऊन पदरातूनच बघायच्या आणि मोजायच्या, "तीन झाले बाई. चार ऱ्हायले."

आणि तुम्ही टीव्हीच्या शेजारी उभ्या, हातात बांगड्यांची रिकामी पुठ्ठ्याची नळी. पिक्चरमधली भाषा कुणालाच येत नव्हती, म्हणून सगळ्यांचं बोलणं तुम्हीच बोलायचात. "बघा बायांनो, आली. अब क्या करती? काय करत न्हाय. नुसती बघती. त्याचं पाणी पाणी झालं की न्हाय सांगा!" त्या सातही जणांना आपण नावं दिली होती, आणि तीही आपापल्या घरातली. जाडा होता तो कोंडामावशीचा दीर. टकल्या होता तो गुरवीणकाकूंचा सासरा, तेव्हा हयात होता आणि देवळातल्या ओसरीत जप करत बसलेला असायचा. पाचव्याला बारीक मिशी होती. तो मी घेतला होता. तो माझा नवरा.

आता त्या दिवसाचं सांगते. तुम्हाला माहीत आहेच, पण तुम्हाला जे माहीत होतं ते पूर्ण नव्हतं. तेच तर भांडण आहे.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. ईटच्या पलीकडं माझं सासर. पूनम आठ महिन्यांची असताना नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं आणि महिनाभरात दुसरी करून आणली. ना भांडण, ना बैठक. माझ्या दोन म्हशी, माझी भांडी, माझी शिलाई मशीन, सगळं तिथंच. बाजारच्या दिवशी ते घर सगळं परंड्याला यायचं. मागं वस्तीवर कुणी नसायचं. गोठ्याच्या बाजूला कडब्याची मोठी गंज होती, मीच पेंढ्या बांधून रचलेली. मी ठरवलं होतं की दीडच्या गाडीनं जायचं, गंज पेटवायची आणि पायवाटेनं निघून यायचं. पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत रॉकेल होतं आणि वर काडेपेटी. आईला सांगितलं, बाजाराला जाते.

जायच्या आधी तुमच्याकडं आले. कशाला आले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. टाकलेली बाई म्हणून दोन महिने गावातल्या बायका माझ्या मोकळ्या हातांकडं बघत होत्या. त्या वस्तीवर पाय ठेवायचा तर हात भरून ठेवायचा, असं काहीतरी डोक्यात होतं. तुम्हाला म्हटलं, हिरव्या भरा, दोन्ही हातांत डझन डझन. तुमच्याजवळ बसलेली एक बाई कुजबुजली, हिला कशाला हिरव्या. तुम्ही तिच्याकडं न बघता म्हणालात, "हात तिचा हाय. तिच्या नवऱ्याचा न्हाय."

मग तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि थांबलात. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. दोन फुटल्या. तुम्ही म्हणालात, "कायकू मूठ आवळलीस एवढी? ढिला सोड." मला सोडता येईना. तुम्ही हळूहळू दाबत, चोळत डावा हात भरलात. पिशवी तुमच्या मांडीला टेकलेली होती. उजवा हात मी पुढं केला तर तुम्ही नळी उचलून आत निघालात. "ह्यो हात पिच्चर झाल्यावर. तोवर नरम पडंल. आज नवा पिच्चर लावतीय, पयलाच खेळ."

मी म्हटलं, आपा, माझी गाडी जाईल. तुम्ही म्हणालात, "पाचची हाय की."

एका हातात डझनभर हिरव्या बांगड्या आणि दुसरा हात भुंडा, अशी कुठली बाई रस्त्यानं चालेल? तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं. मी चडफडत आत जाऊन बसले. दीडची गाडी गेली.

तुम्ही छत्रीची सीडी लावलीत. पहिल्याच मिनिटापासून मारामारी. कोण ही, कशाला मारतेय, काही कळेना. तुम्ही सांगितलंत, ह्यांनी हिचं घर मारलंय, बास, एवढं ध्यानात ठेवा. एकेक पडत गेला. पाचवा, मिशीवाला, कापडाच्या लडीत गुंडाळला जाऊन मेला, तेव्हा मी उभी राहून ओरडले. काय ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. कोंडामावशीनं माझ्या नावानं शिट्टी मारली. मला रडू आलं, पण ते बरं वाटण्याचं रडू होतं. सातवा मेला, बाईनं छत्री दोनदा झटकली, सीडी संपली.

मला वाटलं पिक्चर संपला. तुम्ही म्हणालात, "अजून हाय. चा घेऊ आधी." स्टो पुढ्यात ओढलात आणि माझ्याकडं वळलात. "नंदे, रॉकेल संपलंय गं. हाय का तुझ्यापाशी?" एवढ्या बायका होत्या, तुम्ही मलाच विचारलंत. मी बाटली दिली. तुम्ही सगळीच्या सगळी स्टोमध्ये ओतलीत. "काडेपेटी?" तीही दिली. चहा झाला. साखर जास्त झाली होती. काडेपेटी परत द्यायची तुम्ही विसरलात, असं मी पुढं वीस वर्षं समजत होते.

मग दिव्याची सीडी. तिच्यात मारामारी नाहीच. रंगाऱ्याचं घर. मनगटापर्यंत निळे झालेले हात. भाऊ एकमेकांना रंग लावतायत, आई ओरडतेय, बाप कापड पिळतोय आणि मधूनच पिळलेल्या कापडाचा फटका कसा मारायचा ते लेकीला शिकवतोय. लेक चिमुरडी, बोलायची थांबत नाही. आणि तो मिशीवाला! त्याच घरात, तरुण, पोरीला खांद्यावर घेऊन नाचतोय. पाऊण तासापूर्वी मी ज्याच्या मरणावर उभी राहून ओरडले होते, तो माणूस हसत हसत पाटावर बसला आणि पोरीच्या आईनं त्याला भात वाढला. मधोमध दिवा. सगळं घर जेवायला बसलं. पोरगी रुसलेली, तिला भावाला मारायचं होतं. बाप तिला काहीतरी म्हणाला. तो काय म्हणाला ते तुम्ही सांगितलंत, टीव्हीकडं न बघता, माझ्याकडं बघून. "आधी पोटभर जेव, बेटा. कुनाला मारायचं ते मग बघू."

आणि लगेच प्लेअर बंद केलात. "बास. पुढं सीडीवर ओरखडा हाय, अडकती. भरल्या घरावर उठायचं."

साडेचार वाजले होते. तुम्ही माझा उजवा हात घेतलात. बांगड्या एकही न फुटता सरळ आत गेल्या. पाचची गाडी मी धरली नाही. मी नवऱ्याला माफ केलं, असं कुणाला वाटायला नको. आजही केलेलं नाही. पण घरी जाताना माझ्या डोक्यात त्या दोन म्हशी आल्या. कडबा त्याच खाणार होत्या. त्यांनी माझं काय वाईट केलं होतं? एवढा साधा विचार मला दोन महिन्यांत सुचला नव्हता.

पुढचं तुम्ही बघितलंतच. दोन वर्षांनी एस.टी.त कंडक्टरची भरती निघाली. अर्ज तुम्ही शकीलला आणायला लावलात. नेमणुकीच्या आधी पोलीस ठाण्यातून दाखला लागतो, या बाईवर काही गुन्हा आहे का म्हणून. ठाण्यातल्या बाकावर बसले होते तेव्हा मला ती गंज आठवली. कोरा दाखला मिळाला. पहिल्या दिवशी खाकी घालून तुमच्याकडं आले तर तुम्ही म्हणालात, "हात पुढं कर." खाकीवर हिरव्या बांगड्या भरल्यात. कुर्डुवाडीच्या गाडीत माझा आवाज येण्याआधी बांगड्यांचा आवाज येतो, असं प्रवासी म्हणतात. बिनतिकिटाचे दचकतात, ते बरंच आहे.

आणि आपा, रोज एक फोन. दुपारी एक वाजता, मी कुर्डुवाडीच्या स्टँडवर असताना. "जेवलीस का?" बास. दुसरं काही नाही. ड्रायव्हर हसायचे. मी कितीदा चिडले तुमच्यावर. एवढ्या मोठ्या पोरीची आई आहे मी, आपा, चाळिशी उलटली, काय रोज जेवलीस का! तुम्ही म्हणायचात, "इच्यारलं तर काय बिघडलं?" आणि दुसऱ्या दिवशी परत एक वाजता फोन.

पिक्चर तेवढी वर्षं तसाच चालला, आणि बाजारच्या दिवशी ड्यूटी बदलून नाहीतर रजा टाकून मी यायचेच. आधी छत्रीची, मग दिव्याची, आणि जेवणावर बंद. नव्या सुना आल्या, त्यांनी आपापले सात जण नेमून घेतले. कोंडामावशीनं एकदा सुचवलं, ओरखड्याला टूथपेस्ट चोळून बघा. तुम्ही म्हणालात, "चोळली. न्हाय गेला." आम्ही मान डोलावली.

मग या उन्हाळ्यात आमच्या पूनमनं घोळ घातला. ती आता बार्शीला कॉलेजात आहे. लहानपणापासून छत्रीवालीच्या गोष्टी ऐकत वाढलेली. तिनं मोबाईलवर कुठूनतरी तो पिक्चर शोधून काढला. खाली इंग्रजीत सगळं बोलणं लिहून येत होतं. म्हणाली, "आई, तुमचा पिक्चर उलटा आहे. दिव्याची सीडी पहिली. जेवण मध्येच येतं. त्याच्या पुढं बघ."

मी बघितलं. पोरगी भाताचा पहिला घास घेते, तोच दार वाजतं. मिशीवाला उठून दार उघडतो. तोच उघडतो! आणि बाकीचे सहा आत येतात. पुढचं मी पूर्ण बघू शकले नाही. ती माणसं मेली आहेत हे मला वीस वर्षं माहीत होतं. तरी मला वाटत होतं की ती जेवून उठली असतील.

"आणि बाप काय म्हणाला माहीत आहे का?" पूनमला हसू आवरेना. "नीळ संपत आलीय, उद्या आणायला पाहिजे. बास, एवढंच."

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडं आले ती पायांतली चप्पलही न काढता. तुम्ही खाटेवर होतात, धाप लागत होती. मला त्याचंही भान राहिलं नाही. म्हटलं, आपा, आम्हाला येडं बनवलंत. तुम्हाला माहीत होतं. सीडी उलटी लावलीत आणि मरणाच्या आधी बंद करत राहिलात. आम्ही काय लहान पोरी होतो? तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला चिनी वाचाया येत असतं तर म्या बांगड्या इकल्या असत्या व्हय?" मी म्हटलं, मग ओरखडा दाखवा. तुम्ही म्हणालात, "बाजारच्या दिशी ये. समद्या मिळून बघू, मग भांडू. जेवलीस का?"

मी न सांगता उठून आले. पुढच्या बाजारी माझी ड्यूटी होती. त्याच्या पुढच्या बाजारी मला यायचं नव्हतं, खरं सांगते. तुमचा एकचा फोन यायचा, मी "जेवले" म्हणून ठेवून द्यायचे. एके दिवशी एक वाजता फोन आला तो शकीलचा. मी स्टँडवर डबा उघडून बसले होते. परत येताना सगळ्या गाडीला तिकिटं फाडली, कुणाला काय दिलं आठवत नाही.

आता डब्याचं. वरती जुन्या सुती रुमालात गुंडाळलेल्या दोन सीड्या. दिव्याची सीडी मी खिडकीत नेऊन उन्हात धरली. इकडून धरली, तिकडून धरली. एक चरा नाही. तुम्ही ती कापडात गुंडाळून जपली होतीत. प्लेअर रेश्माकडून मागून आणला, त्याला दोन थपडा मारल्या, चालला. सीडी जेवणापर्यंत आली, आणि न अडकता पुढं गेली. दार वाजलं.

मी म्हटलं, सापडलात खैरुनआपा! आता बोला! आणि मग डब्याच्या तळाला हात गेला. काडेपेटी होती. तिच्यावरचं चित्र पुसट झालेलं, पण ती माझीच. कडेला मी नखानं सोललेलं होतं, गाडीची वाट बघत, तुमच्या दारात उभी असताना.

मग सगळं एकदम समजलं. तुम्ही विसरला नव्हतात. आवळलेली मूठ, पिशवीतला रॉकेलचा वास, आणि जाण्याआधी हातभर हिरव्या बांगड्या मागणारी टाकलेली बाई. तुम्हाला काय वाटलं असेल, ते मला वीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. तुम्हाला वाटलं मी स्वतःला पेटवून घ्यायला निघालेय. तुम्ही तो पिक्चर आधी घरात सरळ बघितला असणार. मला समोर बसवून घर मारलं जाताना कसं दाखवायचं, म्हणून तुम्ही त्या दिवशी सीडी उलटी लावलीत, आणि मग मी प्रत्येक वेळी समोर होते, म्हणून ती कायमची उलटीच राहिली. रोज एक वाजता तुम्ही मला जेवलीस का म्हणून विचारत नव्हतात. मी आहे ना, एवढं बघत होतात.

आपा, मला गंज पेटवायची होती. स्वतःला नाही. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं आणि ते सांगणारी मी एकटीच होते. वीस वर्षं एका बाईच्या जिवाची काळजी वाहिलीत, आणि ती बाई दर दुपारी तुमच्यावर चिडत डबा खात होती. मला लाज वाटते. आणि खोटं कशाला बोलू, हसूही येतं. तुम्ही केलंत ते चुकीच्या समजुतीनं केलंत, पण जे व्हायला नको होतं तेही टळलंच. माझी नोकरी, पूनमचं कॉलेज, त्या दोन म्हशी. सगळ्यांच्या वतीनं सांगते, उपकार झाले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, उपकार राहू दे, हात पुढं कर.

काल बाजार होता. मी रजा टाकली आणि पिक्चर आमच्या घरी लावला. नऊजणी आल्या. कोंडामावशीला आता धरून आणावं लागतं, गुरवीणकाकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण पदर अजून डोळ्यांवर घेतात. रेश्मा आली, तिनं सातांतल्या दुसऱ्याला नवऱ्याचं, शकीलचं, नाव दिलं, म्हणाली आजच्यापुरतंच. पूनमनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून टकल्याला कॉलेजातल्या कुणा सरांचं नाव दिलं. पुठ्ठ्याची नळी घेऊन मी उभी राहिले. सुरुवातीला जीभ अडकली. मग कोंडामावशी म्हणाली, "तिकिटं फाडताना वरडतीस तसं बोल की गं." मग जमलं. मिशीवाला मेला तेव्हा तिनं शिट्टी मारायला बोटं तोंडात घातली. दात नाहीत, नुसती हवा आली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवून ती भरून काढली.

पूनम सकाळपासून माझ्या मागं होती. "आई, आज पूर्ण दाखव. या बायकांना खरं कळू दे. त्यांना काही होत नाही." तिचंही खोटं नव्हतं. दिव्याची सीडी लावली तेव्हा माझं काहीच ठरलेलं नव्हतं. रिमोट हातात होता. निळे हात आले. पोरगी खांद्यावर नाचली. दिवा लागला, भात वाढला. बाप लेकीकडं वळला. मी म्हटलं, "आधी पोटभर जेव, बेटा. कुनाला मारायचं ते मग बघू."

सीडी अडकली नाही. चित्र स्वच्छ होतं. पोरीनं घास उचलला. दाराबाहेर सावली हलली. माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबलं जाईना.

"ओरखडा आला गं," कोंडामावशी म्हणाली. "बंद कर."

मी तिच्याकडं बघितलं. ती टीव्हीकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती. गुरवीणकाकूंनी पदर खाली घेतला आणि म्हणाल्या, "व्हय बाई. आला ओरखडा." त्यांना कधीपासून माहीत होतं, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही.

पूनमनं माझ्या हातातून रिमोट काढून घेतला. क्षणभर स्क्रीनकडं बघितलं आणि पिक्चर बंद केला. "इथं नेहमीच अडकते," ती म्हणाली.

मग सगळ्या चहा मागायला लागल्या. मी शेगडीपाशी गेले. लायटर तिथंच होता. मी डब्यातली काडेपेटी घेतली. पहिली काडी मोडली. दुसरीचं गूल उडालं. तिसरी पेटली, आपा. चहात साखर जास्त घातली.